विहिरीतला गाय आणि पावणे चार पाहुणे

सुट्टीच्या अंकासाठी संपादकांचा फोन आला, ताई, पत्रं पाठवतोय, उत्तरं जरा हलकी द्या, लोक उन्हानं कावलेत. म्हटलं मी पण कावलेलीच आहे. राळेगावकडे माहेरी आलेय, नवतपा लागलाय, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, अन् लाईट गेली की कूलर म्हणजे नुसता टिनाचा डबा. मग निंबाखाली बाज टाकायची, माठ जवळ ओढायचा, अन् कैरीचा तक्कू खात पत्रं वाचायची. गंमत म्हणजे यावेळी सासू-नवरा-नोकरीची रडगाणी जवळपास नाहीतच, सगळी भांडणं शब्दांवरून. सुट्टीत माणसं एका छपरीत आठ-आठ दिवस कोंडली की असंच होतं. (छपरी म्हणजे आमच्याकडे घरापुढची पडवी, रीलमधली छपरी पोट्टी नाही.)

प्रश्न : ताई, आमच्या वाड्यात रोज दुपारी गावांच्या भेंड्या चालतात. पुण्याच्या भाचीनं 'यवतमाळ' म्हटलं, पुढच्या पोट्ट्याले 'ळ'वरून गाव सुचेना. भाची म्हणे नियमानं 'ल' घ्यायचा. आमचा पोट्टा म्हणे मी 'य' घेतो, अन् 'येवदा' सांगून मोकळा झाला. दोघं दोन दिवस बोलत नाहीयेत. कोण बरोबर?
एक मामा, बाभूळगाव

उत्तर : मामा, आधी भाचीचं बघू. मराठीत 'ळ' अन् 'ण'पासून शब्द सुरूच होत नाही. (णमोकार आहे की, असं कुणीतरी लिहीलच, तर तो प्राकृत आहे, भेंड्यात चालत असेल तर चालवा.) म्हणून ळ आला की ल, ण आला की न, अशी तडजोड खेळणाऱ्यांनीच आपसात करून ठेवलीय. ती कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकातली नाही, त्यामुळे भाचीनं 'नियम आहे' म्हणून बोट नाचवायचं कारण नाही.

आता पोट्ट्याचं. वऱ्हाडीत ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा शाया, सकाळ सकाय, उन्हाळा उनाया, होळी होयी. एकदा होतो अन् एकदा नाही असं नाही, जुनी माणसं बोलायला बसली की ठरल्यासारखा होतो, म्हणजे झाला की नाही नियम? त्याच्या कानाला गावाचं नाव यवतमाय आहे, शेवटचं अक्षर य आहे, त्यानं य घेतला. पोट्टा कानानं खेळला अन् भाची स्पेलिंगनं खेळली.

बरं, या ळ चं पुराण मोठं मजेदार आहे. ऋग्वेद सुरू होतो तोच 'अग्निमीळे' असा, म्हणजे अगदी सुरुवातीलाच ळ बसलाय. पुढच्या संस्कृतातून तो गेला, हिंदीत तर नाहीच, मराठीनं मात्र धरून ठेवला. आता संस्कृतनं सोडला तेव्हा कुणी काही बोललं नाही, अन् वऱ्हाडानं सोडला की लगेच 'अशुद्ध' म्हणून नाक मुरडायचं, हे मला शाळेपासून पटलेलं नाही. आमच्या एका गुरुजींनी मला यावरून बाकावर उभं केलं होतं, अन् ते स्वतः घरी 'दायभात'च खायचे.

ळ गेला की गोंधळ होतात हे मात्र खरं. माळ अन् माय सारखीच, काळ अन् काय सारखाच. दोन वर्षांमागं मुंबईची मावसबहीण इथे आली होती. सकाळी सालगडी माझ्या भावाला सांगून गेला, "आज ईरीतला गाय काढून राह्यलो भाऊ." ही मोबाईल घेऊन वावराकडे पळत सुटली, विहिरीत पडलेली गाय कशी काढतात त्याचा व्हिडिओ करायला! तिथं चार माणसं कमरेइतक्या चिखलात उभी राहून टोपल्यांनी गाळ उपसत होती. खरं तर भाषेनं तिला आधीच सांगितलं होतं, गाय असती तर तो 'ईरीतली' म्हणाला असता. 'ईरीतला' म्हटलं तिथंच ती गाय नव्हती. पण कॅमेरा हातात असला की लिंग-वचनाकडे कोण बघतं.

भाचीला एक करायला सांगा. 'काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले' हे न थांबता पाच वेळा म्हणायला लावा. मग तेच तुमच्या आईला म्हणायला सांगा. "काये राये गोरे राये, रायात राये मिसयले", म्हातारी पन्नास वेळा म्हणेल अन् वरून पान खाईल. जिभेचा फास असलेलं अक्षरच तिनं काढून टाकलंय. निकाल असा की घरात जो खेळतो त्याचा नियम, अन् येवदा हे गाव आहेच, अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडे, त्यामुळे पोट्ट्याचे मार्क कापू नका.

प्रश्न : मी साताऱ्याची, सून म्हणून दारव्ह्याकडच्या गावात आले, हा पहिलाच उन्हाळा. सासूबाई म्हणाल्या दुकानातून सांबार घेऊन ये, मी सांबार मसाल्याचं पाकीट आणलं. सगळं घर हसलं. दुसऱ्या दिवशी भेद्रं. तिसऱ्या दिवशी मामंजी म्हणाले बंडी काढा, मी दोरीवरून त्यांची बनियन काढून दिली. हे असं किती दिवस चालणार?
एक सून

उत्तर : पोरी, हसले ना, मग झालं, ज्या घरात हसत नाहीत तिथं जास्त अवघड असतं. तुला पटकन सांगते. सांबार म्हणजे कोथिंबीर, सांबारवडी खाल्ली की जन्मभर लक्षात राहील. भेद्रं म्हणजे टोमॅटो, फल्ली म्हणजे भुईमूग, आलू म्हणजे बटाटा, जाम म्हणजे पेरू, वावर म्हणजे शेत, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, टोंगळा म्हणजे गुडघा. कोहळं म्हटलं तर लाल भोपळा आण, पेठ्याचा पांढरा कोहळा आणलास तर परत हसतील. बंडी म्हणजे बैलगाडी, अन् अंगात घालायची ती पण बंडीच, त्यामुळे तुझं निम्मं बरोबर होतं. आमचे आबाजी बंडी घालून बंडीत बसायचे, आम्हाला कधी अडचण आली नाही.

आता आलू-बटाट्याचं जरा खोलात सांगते कारण तू पुढे-मागे यावरून कुणाशी तरी भांडणार आहेस. बटाटा दक्षिण अमेरिकेतून आला, आणला पोर्तुगीजांनी, त्यामुळे किनाऱ्याकडच्या मराठीनं त्यांचाच 'बटाटा' घेतला. तसेच पाव, चावी, बादली, घमेलं, पगार, काजू, हापूस पण त्यांचेच. आलू हा शब्द आपला जुना, संस्कृतात कंदाला आलु म्हणायचे, उत्तरेकडे नव्या कंदाला तेच जुनं नाव चिकटलं. अन् आम्ही बसलो नागपूरच्या सावलीत. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे, मग इंग्रजांकडे, पुढे मध्य प्रांताला जोडलं, राजधानी नागपूर, कचेरीत हिंदी अन् मराठी दोन्ही. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. तोवर भाजीवाल्याचा आलू पक्का मुरला होता. त्यामुळे 'मराठी असून आलू काय म्हणता' असं कुणी म्हटलं तर विचार, तुमचा बटाटा कोणत्या गावचा?

प्रश्न : चहाबिहा, भाकरबिकर, पाणीबिणी असं आपण म्हणतो. मग बिस्कीटचं काय? बिस्कीट-बिस्कीट?
इयत्ता सहावी, वणी

उत्तर : भारी पकडलंस. बि आधीच असला की 'बि'चा जोडीदार करता येत नाही, मग माणसं फ कडे पळतात, बिस्कीट-फिस्कीट. बिडीला तर चक्क काडी दिलीय, बिडीकाडी. तू विडी-काडीपासून लांब राहा, बिस्कीट खा.

प्रश्न : आमचे ऐंशी पार केलेले आबाजी तेंदूपत्त्याचा हिशोब तोंडी करतात. नातवानं मोबाईल काढून सात गुणिले साडेतीन करेपर्यंत ते 'सात औटं साडेचोवीस' म्हणून मोकळे. औट म्हणजे काय? अन् आपण साडेएक का म्हणत नाही?
एक वाचक, पांढरकवडा

उत्तर : आबाजींच्या पाया पडा माझ्याकडून. औट म्हणजे साडेतीन. जुन्या शाळेत पाढे नुसते पूर्णांकांचे नव्हते, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अन् औटकी, सगळं घोकून घ्यायचे. पाव नि अर्ध्याचा व्यवहार बाजारात रोजचा, कागद-पेन्सिल कुणाकडे होती. माझ्या आजीला सही येत नव्हती, पण अडीचकी यायची, तेलवाला तिला कधी फसवू शकला नाही.

दीड, अडीच अन् औट हे तिघं एकाच कुटुंबातले. जुनी मोजायची पद्धत अशी की पहिला पूर्ण झाला अन् दुसरा अर्धा, म्हणजे द्व्यर्ध, त्याचं घासून घासून झालं दीड. दोन पूर्ण, तिसरा अर्धा, अर्धतृतीय, त्याचं अडीच. तीन पूर्ण, चौथा अर्धा, अर्धचतुर्थ, त्याचं औट. दीड अन् अडीच रोजच्या तोंडात राहिले म्हणून साडेएक, साडेदोनला कधी जागाच मिळाली नाही. औट मात्र मागे पडला अन् त्याच्या जागी साडेतीन बसला, मुहूर्त पण साडेतीन अन् शक्तिपीठं पण साडेतीन, तुमच्या शेजारचं माहूर त्यातलंच. औट उरला तो आबाजींच्या पाढ्यात अन् कीर्तनातल्या औट हाताच्या देहात.

पाऊणचं पण बघा, पाद अधिक ऊन, म्हणजे पाव कमी. एकोणीसमधला तो 'ऊन' पण हाच, एक कमी वीस. संस्कृतात ऊन म्हणजे कमी. अन् बाहेर जे पडलंय ते ऊन आलं उष्णवरून, त्याचा कमीशी काहीही संबंध नाही, ४५ च्या वर पारा गेल्यावर तर अजिबात नाही. एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत गाडी नीट येते अन् शेवटी एकोणशंभर म्हणायच्या ऐवजी नव्याण्णव! २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर किती आरडाओरडा झाला होता आठवतो का? मला विचाराल तर पोरांना दोन्ही येऊ द्या. एकवीस ऐकून २१ लिहिताना पोरगं १२ लिहितं, यात त्याचा काही दोष नाही, आपण एक आधी बोलतो अन् लिहितो नंतर.

अन् हे राहिलंच. पाहुणे बोलताना पावणे होतात. काल माझ्या वहिनीनं स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं किती जण आले, भाऊ ओसरीतून म्हणाला, "पावणे चार!" ती म्हणाली, घड्याळ नाही विचारलं. बाहेर येऊन बघितलं तर तीन मोठी माणसं अन् एक पाऊण तिकिटाचं पोट्टं. पावणे चार अगदी बरोबर होतं, आमरसासोबतचे सरगुंडे मात्र कमी पडले.

प्रश्न : दुपारी पोरं च च्या भाषेत बोलतात, आम्हाला काही कळत नाही, आंबे कुठे लपवले ते पण कळत नाही. ही भाषा काढली कुणी?
एक आजी, धामणगाव रेल्वे

उत्तर : आजी, तुम्ही लहानपणी बोलला असालच, आता विसरल्यासारखं करताय. आमच्या वाड्यातली रीत अशी होती, पहिल्या अक्षराच्या जागी च घालायचा अन् ते अक्षर शब्दाच्या शेवटी न्यायचं. पाणी झालं चाणीप, भाकर चाकरभ, गोटी चोटीग. एकाक्षरी शब्दांच्या वाटेला जायचं नाही, का ते पोरांना बरोबर माहीत असतं. कुणी एकानं काढलेली नाही, प्रत्येक वाड्याची रीत थोडी वेगळी. ऐकून ऐकून दोन दिवसांत कळायला लागते, फक्त कळतंय हे पोरांना कळू देऊ नका, आंबे सापडतील.

अन् लपवाछपवीत आपला मुलूख जुनाच पटाईत आहे बरं का. तुमच्याच जिल्ह्यात मोर्शीकडे रिद्धपूर आहे, महानुभाव पंथाचं मोठं ठाणं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र केलं, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्या बायकांना कळायचं नाही, म्हणून मराठीतच लिहा, असं बजावणारे नागदेवाचार्य पण याच पंथाचे. अन् याच पंथानं पुढे आपल्या पोथ्या सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये घालून ठेवल्या, एका अक्षराच्या जागी दुसरंच. बाहेरच्याला ओ का ठो कळायचं नाही, कितीतरी शतकं. म्हातारीला कळावं म्हणून मराठी, अन् परक्याला कळू नये म्हणून कुलूप! तुमची पोरं आंब्यांसाठी तेच करतायत. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. अन् नाव लीळाचरित्र, वर पहिल्याच उत्तरात सांगितलेला तो ळ पोटात घेऊन, अशा मुलखात जिथं म्हातारी लीळेला लीया म्हणेल.

प्रश्न : मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत छापखान्यानं 'वर्हाडी मंडळी' छापलंय. व्याही म्हणतात चालतं. मला खटकतं.
दिग्रस

उत्तर : खटकायलाच पाहिजे. तो अर्धा ऱ मराठीची खास चीज आहे अन् तो मोडला तर अर्थ पण मोडतो. लग्नातलंच उदाहरण घ्या, आचार्यांना दक्षिणा द्यायची असते अन् आचाऱ्यांना मजुरी, अदलाबदल झाली तर दोघंही रुसतील. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या चिखलदऱ्याला. मोबाईलवर करायचं सोपं आहे, खाली टिंब असलेला ऱ शोधा, मग पाय मोडा, मग ह. एकदा जमलं की कीबोर्ड लक्षात ठेवतो. वऱ्हाड प्रांत अन् लग्नाचं वऱ्हाड या दोन्हींचं स्पेलिंग एकच, त्यामुळे तुमच्या पत्रिकेत ते दुप्पट लागू आहे. परत छापून घ्या, पैसे कापून.

प्रश्न : उलटसुलट सारखी वाचता येतील अशी वाक्यं द्या, लाईट गेल्यावर कामी येतील.
वर्धा

उत्तर : घ्या. चिमा काय कामाची. रामाला भाला मारा. ती होडी जाडी होती. टेप आणा आपटे. तो कवी डालडा विकतो, यात जाताना वी मोठी अन् येताना वि लहान (चिमाच्या चि-चीचं पण तसंच), पण कवीनं डालडाच विकायला काढल्यावर ऱ्हस्व-दीर्घाचं काय घेऊन बसलात. लक्षात ठेवा, अक्षराअक्षरानं उलटं वाचायचं, काना-मात्रा अक्षरासोबतच चालतात. नवीन कुणी केलं तर पाठवा, मी तीन दुपारी घालवल्या, 'जहाज'च्या पुढे माझं काही सरकलं नाही.

प्रश्न : मुलगी यंदा दहावी झाली, पुण्याला शिकायला चाललीय. 'करून राहिली, जाऊन राहिली' असं बोलते. हसतील का तिला?
एक आई, राळेगाव

उत्तर : हसतील. पहिले दोन महिने. मग त्यांच्यातलीच एखादी 'काय करून राहिली गं' म्हणायला लागेल, मी डोळ्यांनी बघितलंय. हिंदीत 'कर रहा हूँ' तसं आपलं 'करून राहिलो', पुण्याकडे 'करतोय'. आपल्यासाठी तो चालू काळ आहे, पण त्यांच्या कानाला राहणं म्हणजे मुक्काम, एवढीच भानगड.

मी होस्टेलवर असतानाची गोष्ट सांगते, मुलीला वाचून दाखवा. मैत्रिणीकडे रात्री जेवायला गेले होते. घास तोंडात अन् त्यांच्या हॉलमधला लँडलाईन वाजला, माझी रूममेट, कुठं आहेस म्हणून. मी ओरडून सांगितलं, "अगं मी इथं जेवून राहिली!" जेवण झालं, हात धुवून बाहेर आले तर काकूंनी हॉलमध्ये गादी घातलेली, वर धुतलेली चादर, उशाशी पाण्याचा तांब्या. म्हणाल्या, बरं केलंस, एवढ्या रात्री कुठे जातेस.

मग काय, राहिली.